तारण

गेवराई तालुक्यातलं तलवाडा हे नाव बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना ठाऊक असलंच, तर ते त्वरिता देवीमुळे. गावाजवळच्या टेकडीवर देवीचं जुनं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथं पाय ठेवायला जागा नसते. देवीचं नाव मोठं बोलकं आहे. त्वरिता म्हणजे हाक मारल्याबरोबर धावून येणारी. ज्या मुलखात पाऊस सांगून कधी आला नाही, सरकारी मदत वेळेवर पोचली नाही आणि कापसाचा भाव हाती माल असेपर्यंत टिकला नाही, तिथल्या माणसांनी अशी देवी मानावी यात नवल ते काय!

जायकवाडीचा उजवा कालवा या तालुक्यातून जातो. त्याचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस उभा राहिला. जिथं पोचलं नाही तिथं कपाशी, बाजरी, तूर आणि आभाळाकडे लागलेले डोळे. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. नकाशा समोर ठेवून या नदीवरून बोट फिरवलं की मला नेहमी एक गंमत वाटते. वरच्या अंगाला पैठण, तिथून खाली आपेगाव, मग अलीकडच्या काठाला पांचाळेश्वर आणि राक्षसभुवन, पलीकडे जालना जिल्ह्यात जांब, आणि आणखी खाली गेलं की गंगाखेड. पैठणला एकनाथ. आपेगावला ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत. पांचाळेश्वरला महानुभावांचं आत्मतीर्थ. जांबला समर्थ रामदास. गंगाखेडला जनाबाई. देवासाठी संसार सोडावा की सोडू नये, सोडायचा तर कसा, कुणाला विचारून आणि कुणाच्या जिवावर, या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं या एवढ्याशा पट्ट्यात लोकांनी स्वतःच्या आयुष्यावर करून पाहिली आहेत.

मी त्याच पट्ट्यात काही वर्षं बँकेत अधिकारी होतो. शेतीकर्जाचं काम माझ्याकडं असे. सातबाराचा उतारा, बोजाची नोंद, जामीनदाराची सही, असा सगळा कारभार. समोर बसलेल्या माणसाला दिवसातून वीस वेळा विचारायचो, ‘‘तारण काय देणार?’’ एका दुपारी कपाळाला बुक्का लावलेले एक आजोबा समोर बसले होते. प्रश्न ऐकून ते हसले आणि म्हणाले, ‘‘साहेब, तारणाचंच तर बघतोय की साठ वर्षं.’’ मी फॉर्मवर मान घालून बसलो होतो, वर बघावंच लागलं. मराठीनं हा शब्द दोन्हीकडं वापरला आहे. कर्ज बुडू नये म्हणून सावकाराकडं ठेवतात ते तारण, आणि माणूस बुडू नये म्हणून देव करतो तेही तारणच. एक घर, जमीन, सोनं मागतं. दुसऱ्यासाठी हेच सगळं सोडावं लागतं असं संत सांगतात. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी या दुसऱ्या खात्याची कागदपत्रं जरा बारकाईनं पाहू लागलो. खोड जात नाही, दुसरं काय!

पहिली गोष्ट नजरेत भरते ती ही, की घर सोडणाऱ्यांत हिशेब ठेवणाऱ्या घरांतली माणसं पुष्कळ आहेत. विठ्ठलपंतांचं घराणं आपेगावचं कुलकर्णी. रामदासांचे वडील सूर्याजीपंत ठोसर जांबचे कुलकर्णी. संतचरित्रकार महिपती ताहराबादचे कुलकर्णी. तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी. एकनाथांची तर कथाच हिशेबाची आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडं असताना एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर वह्या चाळत बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली, आणि गुरू म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, मग देवासाठी का नाही? ही कथा प्रत्येक बँकेत भिंतीवर लावावी अशी आहे. मार्चअखेरीस ताळेबंद जुळत नाही तेव्हा रात्री अकरा वाजता होणारी मनाची अवस्था ज्यानं भोगली आहे, त्याला नाथांची ती टाळी ऐकू येते. पण पुढं काय झालं हेही पाहावं. नाथांनी घर सोडलं नाही. गुरूंच्या आज्ञेनं पैठणला आले, गिरिजाबाईंशी लग्न केलं, मुलंबाळं झाली, अन्नदान चालू ठेवलं, भागवत लिहिलं, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. पूर्ण वेळ देवाचे आणि पूर्ण वेळ घराचे, असं दुहेरी खातं त्यांनी चालवलं आणि ते शेवटपर्यंत जुळलं. फार थोड्यांना जमतं ते.

ज्याला जमलं नाही त्याची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. विठ्ठलपंत मुळात विरक्त वृत्तीचे. तीर्थं फिरत आळंदीला आले. तिथल्या सिधोपंत कुलकर्ण्यांनी आपली मुलगी रुक्मिणी त्यांना दिली. संसारात मन रमेना. एक दिवस गंगेला जातो म्हणून निघाले ते काशीला पोचले आणि बायको नाही, मूल नाही असं सांगून त्यांनी संन्यास घेतला. गुरू कोण याविषयी परंपरेत एकमत नाही. रामानंद म्हणतात, श्रीपादस्वामीही म्हणतात. पुढं तेच गुरू तीर्थयात्रेला निघाले असता आळंदीला उतरले. पाया पडायला आलेल्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि ती बाई खिन्नपणे हसली. गुरूंनी विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. ते यात्रा अर्धी टाकून काशीला परतले आणि शिष्याला म्हणाले, घरी जा.

बँकेच्या भाषेत बोलायचं तर विठ्ठलपंतांच्या अर्जावर सहकर्जदाराची सही नव्हती. गुरूंनी जाग्यावर जाऊन तपासणी केली, त्रुटी आढळली आणि प्रकरण परत पाठवलं. विनोदाचा भाग सोडून देऊ. त्या संन्याशाचं मला फार मोठेपण वाटतं. आपला शिष्य कमी झाला तरी चालेल, आश्रमधर्माचा नियम मोडल्याचा बोल आपल्यावर आला तरी चालेल, पण एका बाईला न विचारता तिचं आयुष्य देवाला वाहता येत नाही, हे त्यांनी तेराव्या शतकात ओळखलं. समाजानं मात्र ओळखलं नाही. संन्यासी पुन्हा संसारात आला म्हणून त्या कुटुंबाला वाळीत टाकलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही चार मुलं संन्याशाची पोरं म्हणून हिणवली गेली आणि परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. एका माणसाच्या परमार्थाचं मोल किती जणांनी फेडलं, याची यादी करायला बसलं की हात थरथरतो. त्यातून ज्ञानेश्वरी निघाली, हे खरं. म्हणून रुक्मिणीबाईंच्या त्या आळंदीतल्या वर्षांचा हिशेब मिटला, असं मी म्हणणार नाही.

जांबच्या नारायणाची कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते, तेव्हा ती लांबवत नाही. बारा वर्षांचा मुलगा बोहल्यावर ‘सावधान’ शब्द ऐकून पळाला, नाशिकजवळ टाकळीला त्यानं बारा वर्षं तप केलं, बारा वर्षं देश पालथा घातला आणि चोवीस वर्षांनी घरी आला तेव्हा आई राणूबाईंची दृष्टी गेलेली होती. एक मात्र सांगितलं पाहिजे. त्या चोवीस वर्षांत आईजवळ कोण होतं? थोरले भाऊ गंगाधरपंत. त्यांनी घर सांभाळलं, आई सांभाळली आणि देवाची भक्तीही सोडली नाही. त्यांना श्रेष्ठ म्हणतात. ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुलभोपाय’ हे त्यांचे ग्रंथ. ‘श्रेष्ठ’ हे नाव कुणी कुठल्या अर्थानं दिलं असेल ते असो, पण प्रत्येक पळून जाणाऱ्या नारायणामागं एक गंगाधर घरी थांबलेला असतो. आणि बोहल्यावर अंतरपाटाच्या पलीकडं उभी असलेली ती मुलगी? तिच्याविषयी आपण कीर्तनात बोलत नाही.

आता तुकोबा. त्यांच्या चरित्रातल्या ज्या प्रसंगाशी मी सर्वांत जास्त झगडलो आहे, तो म्हणजे इंद्रायणीत कागद बुडवण्याचा. अभंगांच्या वह्या नव्हेत, त्या नंतर. त्याआधी त्यांनी सावकारीची खतं बुडवली.

घरची परिस्थिती आधी लक्षात घेऊ. वडील बोल्होबा व्यापार करणारे, महाजन. थोरला मुलगा सावजी, पण तो विरक्त; त्यानं दुकानाची जबाबदारी नको म्हटलं म्हणून ती लहान वयात तुकोबांवर आली. आईवडील गेले. सावजीची बायको गेली आणि तो तीर्थयात्रेला निघून गेला तो गेलाच. म्हणजे देवासाठी घर सोडणं म्हणजे काय, हे तुकोबांनी आधी दुसऱ्या बाजूनं अनुभवलं होतं. ते मागं राहिलेले होते. मग १६३०-३१ चा तो भयंकर दुष्काळ. दिवाळं निघालं. पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला. हे सारं होऊन गेल्यावर त्यांच्या हाती उरली ती वडिलोपार्जित येण्याची खतं. अमक्याकडं इतके, तमक्याकडं तितके. महिपती सांगतात, धाकट्या कान्होबांना बोलावून त्यांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबांच्या हाती दिले. उरलेले अर्धे, आपल्या वाट्याचे, इंद्रायणीत सोडले.

माझ्यातला अधिकारी म्हणतो, यात त्याग कसला? दुष्काळानंतर ती येणी वसूल थोडीच होणार होती! कुळं मेली, परागंदा झाली, उरली त्यांच्या घरात दाणा नाही. आम्ही बँकेत अशा खात्यांना बुडीतच म्हणतो. पण हा युक्तिवाद टिकत नाही, आणि का टिकत नाही हे मला गेवराईच्या शाखेत समजलं. बँक एखादं कर्ज राइट ऑफ करते तेव्हा ते फक्त आपल्या वहीतून काढते. कर्जदारावरचा हक्क सोडत नाही. वसुलीच्या नोटिसा पुढंही जातातच. सावकाराचं खत तर याहून चिवट. आज पैसे नसतील तर उद्या बांधाकडची पट्टी लिहून घेता येते, परवा मुलाला राबवून घेता येतं, आणि काहीच नाही तर चार लोकांत तो माणूस आयुष्यभर मान खाली घालून चालतो, तेवढं सुख तरी मिळतं. खत म्हणजे दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेला हात. तो हात तुकोबांनी काढून घेतला. पुढं मागं देव पावला नाही तर असू द्यावा म्हणून एखादा कागदही आढ्याला खोचून ठेवला नाही.

मला १९९० सालची कर्जमाफी आठवते. दहा हजार रुपयांपर्यंतची थकबाकी माफ झाली, आमच्या शाखेत याद्या करायला रात्री जागाव्या लागल्या. पुढं २००८ साली केंद्राची मोठी माफी आली, २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याच्या आल्या. त्यातल्या प्रत्येकीनं काही घरं वाचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण त्या माफीत ज्यांनी घोषणा केली त्यांच्या खिशातून काही गेलं नव्हतं. पैसे सरकारी तिजोरीतून बँकेत आले. देहूच्या त्या माफीला तिजोरी नव्हती.

आणि तरीही त्या प्रसंगातला सर्वांत मोठा भाग मला कागद बुडवण्याचा वाटत नाही, त्याआधीच्या वाटणीचा वाटतो. भावाचा वाटा आधी त्याच्या हाती दिला. कान्होबाला सावकारी करायची असेल तर करू दे, त्याच्या पोटावर माझ्या वैराग्यानं पाय यायला नको. सावजी न सांगता निघून गेला तेव्हा काय होतं, हे भोगलेल्या माणसाला ही वाटणी सुचली. दूर युरोपातला असिसीचा फ्रान्सिस हा कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. देवळाच्या दुरुस्तीसाठी त्यानं बापाचं कापड विकलं. बापानं त्याला बिशपपुढं उभं केलं. बिशपनं सांगितलं, बापाचे पैसे आधी परत कर. देवाला असले पैसे नकोत. फ्रान्सिसनं पैसे परत केले आणि अंगावरचे कपडेही उतरवून बापापुढं ठेवले. १२०६ च्या सुमाराची ही गोष्ट. देहू आणि असिसी यांच्यात एवढं अंतर असूनही कायदा एकच दिसतो: देता येतं ते फक्त स्वतःचं.

मग जिजाईचं काय? तिचा वाटा कुठं होता? इथं मात्र तुकोबांच्या बाजूनं बोलताना माझी जीभ अडखळते. महिपतींच्याच एका कथेत जिजाईनं आपल्या नावावर खत लिहून देऊन दोनशे रुपये कर्ज काढलं आणि नवऱ्याला व्यापाराला भांडवल दिलं. त्यात नफाही झाला. आणि परतताना वाटेत कर्जानं गांजलेला एक माणूस भेटला, तुकोबांनी सगळे पैसे त्याला देऊन टाकले. ते पैसे जिजाईच्या पतीवर... छे, चुकून श्लेष झाला, जिजाईच्या पतेवर उभे केलेले होते. नवऱ्याची पत गेली होती, तिची शाबूत होती, आणि तीही त्या दिवशी खर्ची पडली. तीन शतकं आपण तिला कजाग म्हणत आलो. जी बाई भांडत भांडत का होईना भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढत होती, तिला कजाग म्हणायला कीर्तनकाराच्या घरी दोन वेळची भाकरी कोण करतं, हेही एकदा विचारायला हवं.

या कथा आपल्यापर्यंत पोचवणारे महिपती हे स्वतः याच वाटेवरचे. त्यांचं ताहराबाद सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरी तालुक्यात. जन्म १७१५, निधन १७९०. देवपूजा चालू असताना जहागीरदाराचा शिपाई कचेरीत बोलवायला आला आणि अपमान करून गेला, असं सांगतात. महिपती कचेरीत गेले, काम पुरं केलं, आणि कानावरची लेखणी खाली ठेवून म्हणाले, यापुढं ही संतचरित्रांखेरीज कशासाठीही चालणार नाही. काम पुरं केलं, हा तपशील माझ्या फार आवडीचा आहे. रागानं वही भिरकावून ते निघून गेले नाहीत. त्या लेखणीतून १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ उतरला, १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’. कुलकर्ण्याची लेखणी म्हणजे गावात केवढी सत्ता! एका ओळीनं जमीन इकडची तिकडं. ती सत्ता सोडून हा माणूस ओव्या लिहीत बसला. त्यांनी लिहिलेल्या सगळ्याच कथा इतिहासाच्या कसोटीला उतरतील असं नाही. तुकोबांनंतर शंभरावर वर्षांनी ते लिहीत होते. पण खताची वाटणी, दोनशे रुपयांचं कर्ज, नफ्याचा आकडा हे तपशील वाचताना जाणवतं की हे लिहिणारा माणूस कागदपत्रांतून उठून आला आहे.

याच राहुरीत १९०० साली लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं आधी, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले होते, आणि तेव्हा त्यांनी पत्नीला विचारलं नव्हतं. ती पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांकडं, पंढरपूरला, अशी काढली. ख्रिस्ती मराठीत तारण हा शब्द सगळ्यांत मोठा. टिळकांना ते सापडलं, पण लक्ष्मीबाईंच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. पुढं दोघं एकत्र आली, घर पुन्हा उभं राहिलं, आणि १९१७ मध्ये टिळकांनी परत एकदा सगळं सोडायचं ठरवलं. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचलं आहे त्यांना आठवेल, नवऱ्याच्या या सगळ्या सोडण्याबद्दल ती बाई किती निर्मळपणे हसते. हसते म्हणजे सोसलं नाही असं नव्हे. टिळक ‘ख्रिस्तायन’चे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच लिहून गेले होते, लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट लिहिले. नवऱ्यानं घेतलेलं एवढं मोठं देणं बायकोनं फेडल्याचं दुसरं उदाहरण मराठीत मला आठवत नाही.

सरकारी बँकांनी २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा हजारो लोक बाहेर पडले. कुणी दुकान काढलं, कुणी मुलाला इंजिनिअरिंगला घातलं. आमचा एक रोखपाल माळकरी होता. दर आषाढीला रजा ठरलेली. त्यानं अर्ज केला आणि सांगितलं की आता पंढरपुरातच राहायचं, मठात पडेल ती सेवा करायची. घरकर्ज आधीच फेडलेलं होतं, मुलीचं लग्न झालं होतं, मुलगा नोकरीला लागला होता. आलेली सगळी रक्कम त्यानं बायकोच्या नावानं मुदत ठेवीत टाकली, दरमहा व्याज तिच्या खात्यात जमा होईल अशी सोय केली, आणि स्वतःसाठी पंढरपूरच्या गाडीचं तिकीट काढलं. मला वाटलं, हा माणूस तुकोबांची वाटणी शिकला आहे. सगळे त्याचं कौतुक करत होते. मीही केलं.

चार-पाच वर्षांनी त्याच्या पत्नी ठेवीच्या नूतनीकरणासाठी शाखेत आल्या. चौकशी केली. तो बरा आहे म्हणाल्या, महिन्यातून एकदा फोन असतो. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘त्यांनी मला विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. चांगलं चार वेळा विचारलं. पण साहेब, देवाकडं जाऊ का असं कुणी विचारलं, तर नाही म्हणता येतं का?’’

मला उत्तर सुचलं नाही. मी पावतीवर शिक्का मारून दिला. पैशाच्या बाजूनं त्या बाईंचं काहीच अडत नव्हतं, हे मला खात्यावरून दिसत होतं. खात्यावरून तेवढंच दिसतं.

एवढं सगळं सोडणाऱ्यांविषयी झालं. पण ज्यांच्याकडं सोडायलाच काही नव्हतं त्यांचं काय? गंगाखेडच्या जनाबाईंनी काय सोडलं? दुसऱ्याच्या घरचं दळण, दुसऱ्याच्या अंगणातलं शेण, हेच ज्यांचं आयुष्य, त्यांना त्याग हा शब्दच परका. त्यांनी देवालाच जात्यावर बसवून घेतलं. अरणचे सावता माळी तर पंढरपूर जवळ असूनही मळ्यातून हलले नाहीत; त्यांच्या कथेत देवच मळ्यात येतो. वारकरी परंपरेचा मोठा भाग अशा माणसांनी उभा केला आहे. सुरक्षितता सोडून देवामागं जाणं ही मुळात ज्यांना सुरक्षितता होती त्यांची गोष्ट. बाकीच्यांची गोष्ट उलटी आहे: काहीच हाती नसताना देव न सोडणं.

तलवाड्याच्या परिसरात हीच दुसरी गोष्ट दर वर्षी घडते. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादम येऊन उचल देतो. ती लग्नात, दवाखान्यात, मागच्या देण्यात संपते, आणि फेडायला पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्यातरी फडावर, कोपीत. या माणसांकडं बँकेला दाखवायला तारण नसतं. स्वतःचे हातच त्यांनी उचलीपोटी तारण ठेवलेले असतात. आणि यांच्यातच माळकरी आहेत. मी अशा एका नवरा-बायकोला ओळखत होतो. उचल घेतल्यावर पहिल्यांदा वारीचा खर्च बाजूला काढायचा, हा बाईचा नियम. मी हिशेबी माणूस. एकदा म्हणालो, कर्जाच्या पैशानं कसली वारी? बाई म्हणाली, ‘‘फेडायचं तर हायेच की वो. तवा जाऊन आल्यालं बरं.’’

आषाढी झाली की पेरण्या उरकतात, म्हणजे पाऊस असला तर. मग पोळा, मग गौरी-गणपती. नवरात्रात टेकडीवर त्वरिता देवीची गर्दी होते, नऊ दिवस बायका अनवाणी चढतात. दसरा-दिवाळी मागं पडली की गावोगावच्या फाट्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहू लागतात. भांडी, बाजरीचं पोतं, कोंबड्या, कडेवरचं पोर आणि पत्र्याच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेली हरिपाठाची पोथी असं सगळं वर चढतं. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतात. रात्रीच्या वेळी निघणं बरं पडतं, उन्हाचा त्रास नाही.